टाचेखालचा दोर

टाच दुखते असे म्हटले की आपल्याकडे ऐकणारा क्षणाचाही विचार न करता सांगतो, "हाड वाढलं असेल." मला ते शाळेतल्या शिपायांनी सांगितले, भाजीवाल्या मावशींनी सांगितले, आणि पुढे एक्स-रे काढला तेव्हा त्या सर्वांचे म्हणणे खरे ठरले असेच मला वाटले. उजव्या टाचेच्या हाडाच्या खालच्या कडेवर, बोटांच्या दिशेने वळलेले, बाभळीच्या काट्यासारखे एक बारीक टोक फिल्मवर स्वच्छ दिसत होते. पाय टेकला की काटा रुतल्यासारखी कळ येत होती आणि फिल्मवर प्रत्यक्ष काटा होता. मग आणखी शोधायचे काय राहिले? काटा खरा होता, पण माझे दुखणे त्याच्यामुळे नव्हते, हे समजेपर्यंत पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांत मी जे जे केले त्यातले बरेचसे निरुपयोगी होते.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय ४७. दिवसाच्या आठ तासिकांपैकी सहा माझ्या असतात आणि त्या सगळ्या शहाबादी फरशीवर उभ्याने होतात, कारण खुर्चीत बसून शिकवणे मला कधी जमलेच नाही. गेल्या वर्षी मे महिन्याची सगळी सुट्टी घरात, बहुतेक बसून गेली. उन्हामुळे सकाळचे फिरणेही बंद होते. जूनच्या मध्याला शाळा उघडली आणि एका दिवसात शून्यावरून सहा तासिकांवर आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत माउलींची पालखी लोणंदला आली. दरवर्षी मी लोणंद ते तरडगाव हा एक टप्पा वारकऱ्यांबरोबर चालते आणि वाटेत चांदोबाचा लिंब येथे होणारे पहिले उभे रिंगण पाहते. त्या वर्षीही गेले, तळ झिजून पापडासारख्या झालेल्या चपला घालून. परतल्यावर दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पलंगावरून उतरून उजवा पाय टेकला आणि कळ अशी आली की भिंतीला धरूनच पुढची पावले टाकावी लागली.

या दुखण्याची एक खोड असते, ती ज्याला झाले आहे त्यालाच कळते. ते पहिल्या पावलाला सर्वांत जास्त असते. वीस-पंचवीस पावले लंगडत चालले की ओसरते, आणि माणसाला वाटते की झाले, गेले. मग शिक्षक-खोलीत अर्धा तास बसून उठावे, की पुन्हा तीच कळ. संध्याकाळी कळ नसे, पण टाचेच्या आतल्या बाजूला ठणका लागे. दुखणे चालल्याने कमी होते की वाढते, हे मला स्वतःलाच सांगता येत नसे, आणि त्यामुळे विश्रांती घ्यावी की चालावे हेही ठरत नव्हते.

सासूबाईंनी रुईची पाने आणवली. वीट चुलीवर तापवायची, तिच्यावर पान ठेवायचे आणि पानावर टाच. शेकताना बरे वाटे, ते मी नाकारत नाही. मात्र रुईचा चीक डोळ्याला फार घातक असतो, म्हणून पाने तोडणाऱ्याने हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत, हे मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून आवर्जून सांगेन. त्यानंतर वेदनाशामक गोळ्या झाल्या. युरिक ॲसिड आणि साखर तपासून झाली. दोन्ही ठीक निघाले. चपलेत घालायच्या सिलिकॉनच्या गाद्या आणल्या. एका ठिकाणी दहा दिवस शेक घ्यायला गेले. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक घेणे अशीच समजूत आहे, आणि तिथे ती समजूत पक्की होईल असाच कारभार होता: पालथे झोपायचे, टाचेला जेल लावून यंत्राचा दांडा फिरवला जायचा, पंधरा मिनिटांनी घंटी वाजली की पुढच्याचा नंबर. त्या दहा दिवसांत माझा पाय कोणी हातात घेऊन पाहिला नाही, मी चालते कशी हे पाहिले नाही, आणि दिवसभर काय करते हेही विचारले नाही. अकराव्या दिवशी पहाटे कळ होती तिथेच होती.

नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीनंतर, आमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मला एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता, त्यामुळे मी थोडी नाराजच झाले. जिना चढून वर पोहोचले तेव्हा ती दारातच उभी राहून माझे चढणे पाहत होती. "काकू, चढताना दुखलं की उतरताना?" हा तिचा पहिला प्रश्न. काकू म्हटल्याचे वाईट वाटण्याइतका वेळ तिने दिला नाही, कारण पुढची वीस मिनिटे प्रश्नच चालू होते. रात्री झोपेत दुखते का, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा येतो का, दुसरी टाच दुखते का, सकाळी कंबर आखडते का, ताप, वजन कमी होणे असे काही आहे का. या प्रश्नांमागचा हेतू तिने नंतर सांगितला. मुंग्या येत असतील तर घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस दाबली गेल्याची शंका येते. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठ बराच वेळ आखडत असेल तर संधिवाताचा एक प्रकार तपासावा लागतो. विश्रांतीतही दुखत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. टाच दुखणाऱ्या प्रत्येकाचा आजार एकच नसतो, हे वाक्य मला तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळाले.

मग तिने पाय हातात घेतला. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली. दुखले नाही, म्हणजे हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता कमी. घोट्याच्या आत बोटाने टकटक केले. मुंग्या आल्या नाहीत. मग अंगठ्याने टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जिथे टाच संपून कमान सुरू होते त्या जागी दाबले आणि मी खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. त्याच जागेवर बोट ठेवून तिने दुसऱ्या हाताने माझ्या पायाचा अंगठा वर वाकवला तेव्हा कळ आणखी वाढली. त्यानंतर भिंतीसमोर उभे करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितले आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजले: डाव्या पायाचे ९ सेंटिमीटर, उजव्याचे ४. शेवटी एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच वर-खाली करायची. डाव्या पायाने सतरा वेळा जमले. उजव्या पायाने सहाव्या वेळी पोटरी थरथरायला लागली आणि सातवे जमलेच नाही. हा आकडा मला एक्स-रेपेक्षाही जास्त धक्का देणारा वाटला, कारण पाय दुखतो हे मला माहीत होते, तो इतका दुबळा झाला आहे हे माहीत नव्हते.

दुखण्याचे नाव प्लांटर फॅसिआयटिस. टाचेच्या हाडापासून निघून पंख्यासारखा पसरत पाचही बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा तळव्याच्या कातडीखाली असतो. त्याला प्लांटर फॅसिया म्हणतात. तो काय काम करतो हे तिने कागदाच्या पाठीमागे चित्र काढून सांगितले. विहिरीवरचा रहाट आठवा. कणा फिरला की दोर त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि पोहरा वर येतो. चालताना टाच उचलून आपण चवड्यावर येतो तेव्हा बोटे वर वाकतात, हा पट्टा बोटांच्या मुळाशी असलेल्या गोल हाडांभोवती दोरासारखा ताणून गुंडाळला जातो, आणि त्यामुळे पायाची कमान उचलली जाऊन पाऊल क्षणभर टणक होते. त्या टणकपणाच्या आधारावर आपण शरीर पुढे ढकलतो. पायाच्या रचनेचे अभ्यासक जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही यंत्रणा वर्णन केली आणि तिला रहाटाचेच नाव दिले. मी वर्गात कप्पी आणि रहाट ही साधी यंत्रे गेली वीस वर्षे शिकवते आहे. त्यातले एक माझ्या तळव्यात आहे याची मला कल्पना नव्हती.

दोर जिथे बांधला आहे तिथे, म्हणजे टाचेच्या हाडाजवळ, सर्वांत जास्त ताण येतो. झोपेत पाऊल बोटांच्या दिशेने खाली झुकलेले असते, पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात, आणि पहाटे पहिल्या पावलाला तो आखडलेला दोर एकदम सगळ्या वजनाने ताणला जातो. पहिल्या पावलाची कळ ती हीच. त्यात माझी पोटरी इतकी आखडलेली की घोटा पुढे वाकत नव्हता, त्यामुळे घोट्याच्या वाट्याचे काम तळव्यावर येत होते. आणि फिल्मवरचा काटा? ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही तो सापडतो, आणि काटा तसाच असताना दुखणे पूर्ण बरे होते. "तुमचा काटा मी काढणार नाही, आणि तो जाणारही नाही," असे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

घरी आल्यावर मी थोडे वाचले. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. पण शस्त्रक्रियेत काढलेल्या या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत दाहाची चिन्हे आढळली नाहीत, तंतू विस्कटलेले आणि झिजलेले दिसले, असे २००३ साली एका अमेरिकी अभ्यासात मांडले गेले, आणि म्हणून 'फॅसिओसिस' हे नाव अधिक योग्य ठरेल असा विचार पुढे आला. नावाचा हा वाद रुग्णाला फिजूल वाटेल, पण माझ्यासाठी त्याला अर्थ होता. सूज असेल तर ती उतरवायची, थंड करायची, गोळ्या घ्यायच्या आणि वाट पाहायची. तंतू विस्कटले असतील तर ते पुन्हा नीट रचले जाण्यासाठी त्यांना काम द्यावे लागते, आणि ते काम पेलेल इतकेच, हळूहळू वाढवत द्यावे लागते. मे महिन्याचा आराम, जूनमधल्या सहा तासिका आणि त्यावर पालखीचा टप्पा असा हिशेब मांडल्यावर मला कळले की माझ्या टाचेचे भांडण उभे राहण्याशी नव्हते, ते अचानकपणाशी होते.

पहिले दोन आठवडे दुखणे आटोक्यात आणण्यात गेले. तळव्याला विशिष्ट पद्धतीने चिकटपट्टी बांधली, ती दोन दिवस राही. उभ्याच्या तासिका सहावरून चारवर आणल्या. उरलेल्या दोन प्रयोगशाळेत उंच स्टुलावर बसून घेतल्या. आणि पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवण्यापूर्वीच करायचा एक ताण. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, उजव्या हाताने पाचही बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढायची आणि दहापर्यंत मोजायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बरोबर होते आहे की नाही हे डाव्या हाताने तपासायचे. तळव्यावरून बोट फिरवले की कातडीखाली तो पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ लागतो. पहिल्या दिवशी ती तार बोटाला लागली तेव्हा पाच महिने ज्याच्याशी झगडत होते त्याची एकदाची भेट झाल्यासारखे वाटले. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताणही होता, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण पोटरीत वरचा आणि खालचा असे दोन वेगळे स्नायू आहेत आणि गुडघा वाकवल्याशिवाय खालच्यापर्यंत ताण नीट पोहोचत नाही.

खरी अडचण चपलांची झाली. घरात अनवाणी चालायचे नाही, असे तिने बजावले होते. आमचे घर जुन्या पद्धतीचे. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये फक्त एक उंबरठा. सासूबाईंनी ठामपणे सांगितले की चप्पल घालून या उंबरठ्याच्या आत कोणी आलेले नाही आणि येणार नाही. मला त्यांचे म्हणणे पटत होते आणि टाचही दुखत होती. शेवटी तोडगा असा निघाला की जाड तळव्याची नवी कोरी जोडी आणायची, ती उंबऱ्याबाहेर कधीच न्यायची नाही, आणि ओट्याजवळ स्वयंपाक करतानाच घालायची. देवघरासमोर मात्र काढायची, तिथे जाड सतरंजीची घडी. शाळेत साडीवर स्पोर्ट्स शूज घातले. नववीच्या मुलींनी दोन दिवस तोंडावर ओढणी धरून हसून घेतले, तिसऱ्या दिवशी त्याही विसरल्या.

तिसऱ्या आठवड्यात मुख्य व्यायाम सुरू झाला. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, टाच हवेत. बोटांखाली पंच्याची घट्ट गुंडाळी, म्हणजे बोटे आधीच वर वाकलेली राहतात आणि दोर ताणलेला राहतो. मग कठड्याला बोट टेकून, तीन मोजत टाच वर, वर दोन मोजत थांबायचे, तीन मोजत खाली. घाई केली तर व्यायाम फुकट. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग फक्त उजव्यावर. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहा वेळा, चार फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी आणखी वजन आणि आठ वेळा, पाच फेऱ्या. वजनासाठी मुलाचे जुने दप्तर घेतले आणि त्यात सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरले. वजनकाट्यावर ठेवून पाहिले तर चार किलो. फेब्रुवारीपर्यंत तेच दप्तर दहा किलोंचे झाले होते, आणि त्या उत्तरपत्रिकांचा इतका उपयोग आजवर झाला नसेल.

ही पद्धत डेन्मार्कमधल्या एका अभ्यासातून आली आहे. ४८ रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांनंतर असा वजनाचा व्यायाम करणारे रुग्ण केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा पुढे होते, पण वर्षानंतर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. तिने हा दुसरा भागही लपवला नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडला, आणि लवकर बरे वाटणे हा लाभ मला पुरेसा होता.

व्यायाम करताना टाच दुखायची, आणि याची मला सर्वांत जास्त भीती वाटायची. त्यासाठी तिने नियम दिला: शून्य ते दहा या मापावर चारपर्यंत दुखले तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलाची कळ आदल्या दिवसापेक्षा वाढता कामा नये. म्हणून उशाशी एक वही ठेवली आणि रोज पहाटे पहिल्या पावलाला एक आकडा लिहायला लागले. सुरुवात आठने झाली. दहा दिवस आठ आणि सातच होते. त्या दहा दिवसांत मी दोनदा उपचार सोडायच्या बेतात होते. मग सहा, पुन्हा सात, पाच, पाच, सहा. आकडा जिन्यासारखा उतरत नाही, घाटातल्या रस्त्यासारखा वळणे घेत उतरतो. वही नसती तर प्रत्येक सातला मी 'काही फरक नाही' असेच म्हणत राहिले असते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आकडा दोनवर आला आणि माझा संयम सुटला. मकरसंक्रांतीच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा चढून आले, चढणे आणि उतरणे सगळे एकाच दमात. चढताना काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी वहीत सात. मी फोन केला तेव्हा माझा आवाज रडवेला झाला असणार, कारण ती आधी शांतपणे म्हणाली, "काकू, काही तुटलेलं नाही." मग विचारले की त्याआधी सलग जास्तीत जास्त किती चालले होते. उत्तर होते दोन किलोमीटर, तेही सपाटीवर. म्हणजे जूनमध्ये जे केले तेच मी जानेवारीत पुन्हा केले होते. तिने व्यायाम बंद केला नाही. दप्तर रिकामे करायला लावले, फेऱ्या पाचवरून तीनवर आणल्या आणि आठवडाभर चिकटपट्टी बांधली. नऊ दिवसांत आकडा तीनवर आला. त्यानंतर चालणे दर आठवड्याला थोडे थोडेच वाढवायचे असे ठरले आणि चढ सर्वांत शेवटी.

याच काळात एका परिचित डॉक्टरांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन मोकळे होण्याचा सल्ला दिला. मी तिला विचारले. काही आठवडे आराम पडू शकतो, असे ती म्हणाली. पण त्याने पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याची जोखीम असते, म्हणून ते पहिले पाऊल नसावे, आणि घ्यायचेच तर अस्थिरोगतज्ज्ञांशी नीट बोलून. माझा आकडा उतरत होता, त्यामुळे मी ते घेतले नाही. तो उतरत नसता तर कदाचित घेतलेही असते.

मार्चच्या शेवटी सातवी आणि शेवटची भेट झाली. भिंतीपासूनचे अंतर उजव्या पायाचे ८ सेंटिमीटर, एका पायावर टाच उचलणे एकोणीस वेळा, म्हणजे नोव्हेंबरातल्या डाव्या पायापेक्षाही दोन जास्त. टाचेच्या आतल्या कडेला जोराने दाबले तर अजून दुखते. सर्व भेटींचा खर्च एक्स-रे, गोळ्या, गाद्या आणि शेक यांच्या एकत्र खर्चापेक्षा कमी निघाला, हे मी नवऱ्याला हिशेब लिहून दाखवले. दप्तराचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचा आहे, आणि मे महिन्याची सुट्टी या वेळी बसून काढायची नाही. शाळा उघडण्यापूर्वी तीन आठवडे रोज उभे राहण्याचा आणि चालण्याचा वेळ वाढवत न्यायचा आहे. घरातल्या चपलांची दुसरी जोडी सासूबाईंनी परवा आणवून घेतली, त्यांच्या मापाची. लोणंद ते तरडगाव चालायचे की नाही हे मी विचारले तेव्हा तिने हो किंवा नाही असे काहीच सांगितले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सलग सहा किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी वहीत काय लिहिले जाते ते कळवा, म्हणाली. आज सकाळी वहीत एक लिहिला आहे.